नाकाला सराव नसतो

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये रविवारी सकाळी टक्-टक् आवाज यायला लागला की नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणीतरी भिंतीत खिळा ठोकतंय. खिळाबिळा काही नसतो. दुसऱ्या मजल्यावरचा प्रमोद सावंत खुर्चीत बसून लाटण्यानं स्वतःच्या नडग्या बडवत असतो. जोरात नाही. एका लयीत, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत आणि परत वर. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात चहा.

‘‘मेल्या, त्या लाटण्यान चपात्यो लाटतत!’’ आतून त्याची आई ओरडते. मावशी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. रागावल्या की थेट मालवणीत शिरतात.

‘‘हे माझं वेगळं लाटणं आहे, आई.’’

‘‘मगे माझा खंय गेला?’’

प्रमोद चहाचा घोट घेतो आणि टक्-टक् चालू ठेवतो.

हा चाळिशीचा गृहस्थ अंधेरीत चष्म्याच्या काचांच्या कंपनीत कामाला आहे. काचेवर ओरखडा पडतो का, हे तो दिवसभर तपासतो. शाळेपासून कराटे शिकला; नडग्या बडवणं हा त्यातलाच, मार सोसायचा सराव. पण आमच्या लेखी तो मोठा आहे तो वेगळ्याच कारणानं. रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्ही एक खेळ खेळतो, त्याचा तो मास्तर आहे. खेळ सोपा आहे. टेबलाभोवती बसायचं. मास्तर गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्रानं काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. मी आहे, विशाल आहे आणि बोरिवलीची नीता. नीता एका लॅबमध्ये रक्त तपासते.

आधी आम्ही विकत आणलेल्या परदेशी पुस्तकातल्या नियमांनी खेळायचो. त्यात एक संन्यासी होता, वर्षानुवर्षं अंगावर मार खाऊन कणखर झालेला. पुस्तकाच्या मते त्याची कातडी लोखंडासारखी. चिलखताचे दोन गुण जास्त. प्रमोदनं ते वाचलं आणि पुस्तक मिटलं.

‘‘लोखंडाची कातडी? मग ह्याला डास चावतो की नाही?’’

‘‘अरे, खेळ आहे यार,’’ विशाल म्हणाला.

‘‘खेळ आहे म्हणून काहीही? सरावानं मार लागायचा थांबत नाही रे. तेवढाच लागतो. फक्त माणूस गडबडत नाही.’’

त्या दिवसापासून प्रमोदनं स्वतःचे नियम लिहायला घेतले. त्याचा पहिला नियम मला आजही ग्रेट वाटतो. सराव केलेल्या जागी फटका बसला तर मार पूर्ण धरायचा, पण डाव चुकवायचा नाही. बाकीच्यांना फटका बसला की ते कळवळतात आणि त्यांची पाळी जाते. सराववाला श्वास सोडतो आणि उभा राहतो. दुसरा नियम, सराव त्या त्या जागेचाच. नडगीचा वेगळा, पोटाचा वेगळा, पंजाचा वेगळा. विशालनं लगेच विचारलं, ‘‘आणि नाकाचा?’’

‘‘नाकाला सराव नसतो,’’ प्रमोद म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की आम्ही तिघांनी आपापल्या नाकाला हात लावला.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी नुसतं ‘मला लागलं’ म्हणूच शकत नाही. प्रमोद विचारतो, ‘‘कुठे?’’ एकदा ऑफिसमध्ये साहेबानं झापलं म्हणून विशाल तणतणत आला, ‘‘फार लागलं यार मनाला.’’ प्रमोदनं सवयीनं विचारलं, ‘‘मनाला कुठे?’’ विशाल खरंच विचारात पडला.

प्रत्येक नियम तो स्वतःवर तपासायचा. हात पुढे करून विशालला म्हणायचा, ‘‘मार.’’ विशालनं मारलं आणि स्वतःच मनगट धरून खाली बसला. प्रमोद खूश. मारणाऱ्यालाही लागतं, हा नियम त्या दुपारी झाला. मग विशाल म्हणाला, ‘‘आता तू मला मार.’’ प्रमोदनं हात मागे घेतला.

‘‘नको. तुला लागेल.’’

कराट्याच्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेतही तो इथेच अडकला होता. समोरच्याचे सगळे फटके शांतपणे घेतले, परत एकही दिला नाही. सर ओरडत राहिले, ‘‘अरे सावंत, मार की!’’ मारायचं कसं ते त्याला उत्तम यायचं. पट्टा राहिला तपकिरीच.

त्याचा सगळ्यात कडक नियम म्हणजे सराव सुटला की सगळं मऊ होतं. विशाल नोकरीच्या ट्रेनिंगला काही आठवडे पुण्यात होता. परत आल्यावर प्रमोदनं त्याच्या खेळातल्या पात्राबद्दल विचारलं, ‘‘तुझा भैरू काय करत होता इतके दिवस?’’

‘‘माझ्याबरोबर पुण्यात होता.’’

‘‘सराव?’’

‘‘पीजीत कसला सराव रे!’’

प्रमोदनं खोडरबर घेतलं आणि भैरूच्या कागदावर लिहिलेला नडग्यांचा सराव पुसून टाकला. विशालची वाट लागली. पुढचा महिनाभर त्याचा भैरू काठीचा साधा फटका बसला तरी पाळी गमावून बसत होता.

मग नीताचे बाबा गेले. ती आणि बाबा, दोघंच होते घरात. ती यायची बंद झाली. आम्ही भेटून आलो, फोन करत राहिलो. ‘येते रे’ म्हणायची, यायची नाही.

तोवर प्रमोदनं एक गड बनवला होता. पुठ्ठ्याचा, बुरुजांसकट, आणि तटावर शत्रूचे सैनिक म्हणून शर्टाची बटणं. कित्येक संध्याकाळी तो त्यावर खपला. ज्या रविवारी गडावर हल्ला करायचा होता, त्याच दुपारी बेल वाजली आणि नीता आत आली. बारीक झाली होती. नेहमीच्या खुर्चीत बसली. तिचं पात्र म्हणजे तुळसा, खाडीवर होडी वल्हवणारी, आमच्यात सगळ्यात कणखर.

प्रमोदनं तिच्याकडे बघितलं. ‘‘तुळसा काय करत होती इतके महिने?’’

‘‘प्रम्या, आज नको ना,’’ मी म्हणालो.

‘‘घरीच होती,’’ नीता म्हणाली. ‘‘काही नाही केलं.’’

त्यानं खोडरबर घेतलं. नडगी पुसली. पंजा पुसला. विशाल संतापून उठायलाच लागला होता, पण नीतानं मान हलवली. ‘‘बरोबर आहे त्याचं.’’

खेळ सुरू झाला. आम्ही गडाच्या दाराशी पोचलो. पहारेकरी पुढे आला आणि म्हणाला, ‘‘लांबून आलात. जेवलात का?’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. विशालच्या भैरूनं तलवार उपसली. फासे टाकले, सगळ्यात मोठं दान पडलं.

‘‘झकास,’’ प्रमोद म्हणाला. ‘‘तलवार त्याच्या हातातल्या वाटीला लागली. आमटी सांडली. पहारेकरी फडकं आणायला गेला.’’

आत पानं मांडली होती. गडावरचे सगळे शत्रू पंगतीला बसले होते. वाढायला एक म्हातारी होती आणि प्रमोद तिच्यासाठी आपल्या आईच्या आवाजात बोलत होता. म्हातारीनं तुळसाला विचारलं, ‘‘घराकडे कोण असता गो तुझ्या?’’

नीतानं हातातला फासा टेबलावर ठेवला.

‘‘बाबा होते. होडी चालवायचे. शांत चालवायचे एकदम. वळण आलं की आधी हात बाहेर काढून दाखवायचे.’’

नीताच्या बाबांनी आयुष्यभर बस चालवली, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

‘‘गो बाय, होडयेक हात कित्याक दाखवूचो लागता?’’ म्हातारीनं विचारलं.

‘‘मी पण तेच म्हणायचे त्यांना!’’ नीता म्हणाली आणि हसली. हसता हसता रडायला लागली. म्हातारीनं तिला आणखी भात वाढला. मग तुळसा बोलत राहिली. बाबांना आमटीत कोकम जास्त कसं लागायचं, झोपेतसुद्धा त्यांचा उजवा पाय कसा ब्रेक दाबायचा. होडीला ब्रेक कुठला, हे विचारायचं विशालनंही सोडून दिलं होतं. सबंध दुपार त्या गडावर कुणी कुणाला मारलं नाही.

निघताना नीता दारात चपला घालत थांबली.

‘‘प्रम्या, पुढच्या रविवारी लढाई घे.’’

‘‘तुझी नडगी मऊ आहे अजून.’’

‘‘असू दे.’’

प्रमोदनं मागे वळून तटावरच्या बटणांकडे बघितलं. अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘‘सांगून ठेवतो त्यांना. सुरुवातीला हळू मारतील.’’