राजय्या अण्णांच्या पासबुकाची झेरॉक्स

राजय्या अण्णा कोणताही कागद आधी उजेडात धरतात. खिडकीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी ताणून, एक डोळा मिटून. मग तो उलटा करतात आणि मागची बाजू वाचतात. मागची बाजू कोरी असली तर जास्त वेळ वाचतात. एवढं झाल्यावर कागद माझ्या टेबलावर परत ठेवतात आणि म्हणतात, "म्याडम, ह्यात कायतरी हाय."

मी निवडणूक शाखेत कारकून आहे. निवडणूक आली की सरकारी माणसं पुरत नाहीत. पिशव्या भरायला, याद्यांचे गठ्ठे बांधायला, शाईच्या बाटल्या मोजायला काही माणसं तात्पुरती घ्यावी लागतात. त्यांचं रोजाचं मानधन त्यांच्या खात्यावर पोचवणं हे माझं काम. या खेपेला अशी चौदा माणसं होती. तेरा जणांनी एकाच दुपारी कागद आणून दिले. चौदावे राजय्या येमूल. त्यांनी माझा पंधरवडा खाल्ला.

अण्णांचं वय सत्तरीला टेकलेलं. सगळी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. मागावरून उतरलेली चादर उजेडात धरायची, सुटलेला धागा शोधायचा आणि सापडला की चादर बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. पुढे कारखाना बंद पडला. चादरी गेल्या, सवय मात्र अंगात राहिली. आता समोर येईल त्या प्रत्येक वस्तूत कुठेतरी धागा सुटलेला असणार, याबद्दल त्यांची खात्री आहे. कामाला मात्र माणूस खणखणीत. मतदान केंद्रावर जाणाऱ्या पिशवीत लाखेची एक कांडी कमी असली तरी त्यांना ती पिशवी नुसती उचलून कळायचं. म्हणून तर मी त्यांना सहन केलं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना मानधन आणि कराची माहिती वाचून दाखवली. बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स द्या, पॅन कार्डाची झेरॉक्स द्या, इतकीच. अण्णांनी हात वर केला.

"कर कापनार व्हय?"

"नाही अण्णा. एवढ्याशा रकमेवर कर बसत नाही."

"मग पॅन कशाला?"

"बसला असता आणि पॅन नसता, तर जास्त कापला असता."

अण्णांनी यावर बराच वेळ विचार केला. "म्हंजी जे कापायचंच न्हाय, ते जास्त कापू ने म्हनून पॅन द्यायचा?"

इतकी वर्षं मी ती सूचना वाचतेय, पण ती अशी माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. "हो," मी म्हटलं.

"मग ह्यात कायतरी हाय."

दुपारी पुरीभाजीची पाकिटं आली. अण्णांनी आपलं परत केलं आणि डब्यातली कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खायला बसले. का, तर पाकीट खाल्लं की ते पगारात धरणार आणि पगारात धरलं की त्यावर कर येणार. वर मला म्हणाले, "म्या खाल्लं न्हाय असं लिवून द्या की." आता काय बोलणार? दिलं लिहून. तेही त्यांनी उजेडात धरलं.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. मतदार याद्यांचे गठ्ठे बांधताना अण्णा एक ठराविक यादी उघडायचे, एका पानावर बोट फिरवत खाली यायचे आणि मी जवळ आले की यादी झटकन मिटायचे. दोनदा झालं, तीनदा झालं. मी मनात म्हटलं, म्हातारा संशयी आहे, असेल काहीतरी शोधत.

मतदान पार पडलं तरी पासबुकाची झेरॉक्स काही येईना. रोज नवीन कारण. शेवटी एकदाची आली, पण कशी? वरचा अर्धा भाग पांढरा फटक. झेरॉक्स काढताना त्यांनी पासबुकावर कागदाची पट्टी ठेवली होती. खाली फक्त खाते क्रमांक आणि बँकेचा कोड.

"अण्णा, नाव कुठाय?"

"नाव तुमच्या यादीत हाय की. जेवडं लागतंय तेवडंच दावायचं."

मला त्या दिवशी दहा कामं होती. अण्णांचा स्वभाव ठाऊक होता, त्यामुळे पट्टीचं नवलही वाटलं नाही. मी त्यांचं नाव आणि तो क्रमांक टाकून बिल पाठवून दिलं. चूक माझीच.

चार दिवसांनी बिल परत आलं. खातेदाराचं नाव जुळत नाही. एकाचं नाव जुळलं नाही म्हणून चौदाही जणांचं मानधन अडकलं, आणि उरलेल्या तेरा जणांनी मला फोन करकरून जीव नकोसा केला. साहेब म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत त्यांच्या स्वतःच्या खात्याचा कागद आला तर ठीक. नाहीतर त्यांचं नाव गाळा आणि बाकीच्यांचं बिल पुढे पाठवा." म्हणजे अण्णांची सगळी मेहनत पाण्यात.

आता संशयाची पाळी माझी होती. काम एकाने करायचं आणि पैसे भलत्याच्याच खात्यावर? पट्टी ठेवून नाव का झाकलं? आणि ते यादीतलं बोट? माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. पाकीट खाल्लं नाही म्हणून लिहून घेणारा माणूस इतका साधा असेलच कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अण्णांना बोलावलं आणि समोर बसवलं. "खातं कुणाचं आहे?"

"माजंच."

"मग पासबुक दाखवा."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिला सुताचा धागा गुंडाळलेला. धागा सोडून त्यांनी पासबुक उघडलं, पण वरच्या भागावर तळवा ठेवला.

"हात काढा, अण्णा."

मी हे ज्या आवाजात म्हटलं, त्याची मला अजून लाज वाटते. अण्णांनी हात काढला. पासबुकावर दोन फोटो होते आणि दोन नावं. पहिलं नाव नागमणी राजय्या येमूल. त्याखाली अण्णांचं. फोटोतली बाई फोटो काढणाऱ्याकडे अशी बघत होती, की याच्या कॅमेऱ्यात फिल्म तरी आहे का.

"अहो, मग एवढंच ना? जोडखातं आहे. त्यांना घेऊन या, सही देतील."

"ती न्हाय," अण्णा म्हणाले. "दिवाळीला चार वर्सं व्हतील."

"बँकेला कळवलं नाही?"

"कळवलं की नाव काडत्यात." ते पासबुक न्याहाळत राहिले. "रेशन कार्डावनं गेलं. लाईट बिल तिच्या नावावर व्हतं, तितनं गेलं. मतदार यादीतनं तर म्याच काडलं, फारम भरून. न्हायतर तिच्या नावावर कुनीबी भलतीच बाई येऊन मत टाकून गेली असती. ते मला चाललं नसतं."

"म्हणून तुम्ही यादी बघत होता?"

"परत घातलं न्हाय ना कुनी, बगत व्हतो. पर बँकंत तिच्या नावानं कोन येतंय? मीच जातो की. म्हैन्याला दोनशे रुपये टाकतो. मशीनीत पासबुक घातलं की कर्रकर्र आवाज येतो. तेवडंच."

अण्णा पुढे म्हणाले, "कारखाना बंद झाला तवा मालकानं हिशेबाचा कागद सहीला आनला व्हता. ही म्हनाली, मागची बाजू वाचा. म्या हसलो आन् सही केली. माजं कायबी येनं न्हाय, हे सगळं मागंच लिवलेलं व्हतं, म्याडम. एक पैसा हाताला लागला न्हाय. पर हिनं मला कदी बोलून दावलं न्हाय. एकदाबी न्हाय."

मी पासबुक मिटलं, त्याला सुताचा धागा परत गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिलं. "हे मी बघितलेलं नाही. आपण तुमच्या एकट्याच्या नावानं नवीन खातं काढू. मानधन त्यात घेऊ. हे राहू दे जसंच्या तसं."

"नवीन खातं?" अण्णांच्या भुवया वर गेल्या. "ह्यात..."

"ह्यात काहीही नाही, अण्णा. चला."

त्यांना स्कुटीवर मागे बसवून मी नवी पेठेतल्या बँकेत नेलं. वाटभर त्यांचा एक हात आतल्या खिशावर होता. फॉर्म चार पानी होता, म्हणजे अण्णांसाठी आठ बाजू. आमच्या मागची रांग वाढत गेली, काउंटरवरच्या मुलीचा चहा गार झाला, पण एकेक रकाना भरत गेला. मग वारसाचा रकाना आला आणि पेन थांबलं.

"कुणाचंही द्या, आजोबा," मुलगी म्हणाली. "मुलाचं, मुलीचं."

"पोरबाळ न्हाय."

"पुतण्या, भाचा?"

अण्णांनी मान हलवली. थोडा वेळ ते त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"म्याडम, तुमचं पूर्न नाव सांगा की."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ह्यात कायतरी हाय. माझी सरकारी नोकरी. उद्या कुणी विचारलं, हा माणूस तुमचा कोण, तर काय सांगू? पण अण्णांनी पेनाचं टोक चौकोनावर टेकवून ठेवलं होतं आणि ते वाट बघत होते. त्या खात्यात येऊन जाऊन पडणार होतं काय, तर पंधरा दिवसांचं मानधन. मी नाव सांगायला तोंड उघडलं.

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"असं लगेच सांगू नका. आदी मागची बाजू वाचा."

मी फॉर्म घेतला, खिडकीकडे वळले आणि तो उजेडात धरला. डोळे भरून आल्यामुळे मला त्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं. पण अण्णांचं समाधान होईपर्यंत मी वाचत राहिले.