परकार साहेब आणि आमटीचा डाव

परकार साहेबांनी माझी शिंक मोजली होती. खोटं सांगत नाही. रबाळ्याच्या आमच्या कॉम्प्युटर कारखान्यात कँटीन माझ्या हाती होतं. मी शिंकलो, तसं गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून ते म्हणाले, "मामा, अजून दोनदा शिंका."

"शिंक काय ऑर्डरवर येते, साहेब?"

"एकदाचं मोजमाप खरं नसतं. तीनदा घ्यायचं, मधलं धरायचं."

सगळं असंच. चहा तीनदा ओतायला लावायचे. एकदा मोठ्या साहेबांचं भाषण संपल्यावर, "आणखी दोनदा द्याल का?" असं विचारायला निघाले होते. मी हात धरला म्हणून नोकरी राहिली.

माणूस रायगडातला, खाडीकाठचा. अम्मी गेल्यापासून वाशीच्या खोलीत एकटा.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण साहेबांचं काम मला जेवढं कळलं, तेवढं टाय लावलेल्यांना कळलं नाही. तेव्हा, म्हणजे ऐंशी सालानंतर, कॉम्प्युटरला सहसा एकच डोकं असायचं. साहेबांच्या मशीनला चार. चौघांना कामं वाटून देणारा आतला मुकादम, त्याला ते कर्नेल म्हणत. डोकी चार, तर काम चौपट व्हायला हवं. होत होतं जेमतेम दुप्पट. साहेब मुकादमाला जरा सुधारायचे, पुन्हा तेच काम द्यायचे, पुन्हा तीनदा मोजायचे. महिनोन् महिने.

"मशीन हळू का चालतं हे विचारू नका, मामा. कोण कशासाठी थांबलंय ते विचारा."

एका दुपारी जेवणाच्या रांगेत उभे असताना ते एकदम ओरडले, "हेच! अगदी हेच!"

माझ्याकडे आमटीचं पातेलं एक, डाव एक. वाढपी चार, मीच भांडून मागून घेतलेले. चौघंही ताट धरून त्या एका डावाची वाट बघत उभे. रांग दाराबाहेर.

मशीनमध्येही तसंच होतं. मुकादमाच्या कामाच्या वहीला एकच कुलूप. एक डोकं वही बघणार, तिघं ताटकळणार. साहेबांनी वहीचे भाग केले, भागाभागाला निराळं कुलूप लावलं. काम तिपटीच्या वर गेलं. साहेबांनी पेढे वाटले.

मग माझ्या कँटीनवर आले. "मामा, चार पातेली, चार डाव."

"साहेब, मी तीस वर्षं वाढतोय. मला शिकवायचं नाय."

आठ दिवस मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः तीन पितळी डाव आणून दिले. आणि रांग गायब! मी हरलो. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

दोनेक आठवड्यांनी एक डाव नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा. माझ्या कँटीनमध्ये चोरी? मी तिसऱ्या दिवशी दाराआड उभा राहिलो. जेवणं आटपल्यावर परकार साहेब आले. तिसरा डाव उचलला, रुमालाने पुसला आणि पिशवीत घातला.

"साहेब! तुमीच?"

माणूस कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "मामा, पूर्वी रांगेत पुढे स्टोअरचा शिंदे असायचा. पोरीच्या शाळेचं सांगायचा. मागचा कोणीतरी माझ्या घड्याळावर हसायचा. मोजलं नव्हतं, पण पंधरा-वीस मिनिटं जायची. आता जो तो ताट घेतो आणि आपल्या टोळक्यात बसतो."

"मग जाऊन बसावं ना त्यांच्यात."

"बोलावल्याशिवाय कसं बसायचं?"

साहेबांनी गळ्यातलं स्टॉपवॉच चाचपलं.

"तीन दिवस मोजलं, मामा. माझ्याशी कोण किती बोललं. तिन्ही दिवस शून्य. मधलं धरायची गरजच पडली नाही."

मी पिशवीला हात लावला नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, नवे तिन्ही डाव मोडले.

"पितळी डाव मोडतात?"

"मोडले म्हंजे मोडले. माझ्या कँटीनचं मला कळतं."

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा दाराबाहेर. सगळे मला शिव्या घालत होते. साहेब शेवटून दुसरे. पुढचा शिंदे पोरीचे पाढे म्हणून दाखवत होता आणि साहेब मान डोलवत होते. स्टॉपवॉच गळ्यात नव्हतं, खिशात होतं.

मी डाव जरा सावकाशच चालवला.