मोगरीचा ढेकर

दामूकाकांकडून थर्मामीटर मागून आणू नये. मी राई गावालगतच्या बिल्डिंगमध्ये नवा होतो, मुलीला ताप होता, आणि समोरच्या कौलारू घरातल्या या गृहस्थांच्या खिशाला पेनासारखं थर्मामीटर अडकवलेलं होतं. मागितलं. त्यांनी ते लुंगीला पुसलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मास्तर, धुवून घ्या. आताच शेलीला लावलेला." कुठे लावलं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

काका भाईंदरच्या कारखान्यात जन्मभर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करत होते. निवृत्तीनंतर शेळ्या-कोंबड्यांसाठी 'यंत्रं' करतात. हा त्यांचाच शब्द. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बल्ब लावून कोंबडीच्या पिल्लांना ऊब. मासळी तोलायच्या काट्याला जाळ्याची झोळी टांगून शेळीचं वजन, म्हणजे औषध मापात देता येतं. शेळीने पायाची जखम चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात बूड कापलेली बादली. ती बादली आमची होती. मी तक्रार केली तर म्हणाले, "बादली दुसरी मिलंल. पाय मिलंल काय?"

सगळ्यात लाडकं यंत्र म्हणजे वाकडी नळी बसवलेली सॉसची बाटली. नळी गालाच्या कडेने सारायची, मग औषध श्वासनळीत जात नाही. आमच्याकडे पाहुणे आले की काका हे यंत्र दाखवायला येतात आणि समजावण्याच्या भरात नळी पाहुण्याच्याच गालाशी नेतात. माझे साडू त्यानंतर फिरकलेले नाहीत. तेवढे उपकार मी मानतो.

"पूर्वी शेळ्यांचं कोण बघायचं?" मी एकदा विचारलं.

"आमची मंडली. तिला यंत्र न्हाय लागायचा. हाताने गाल दाबला का शेली तोंड उघडायची. मना हात लावू देत न्हायत."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या शेळ्यांपैकी एकटी मोगरी उरली होती.

यंदा लग्नसराईत गल्लीत हळद झाली. उरलेला भात कुणीतरी मांडवामागे ओतला आणि सकाळी मोगरीने तो आडवा-उभा हाणला. दहाच्या सुमारास ती आडवी पडली. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. गुरांचे डॉक्टर खाडीपलीकडून हायवेचा वळसा घालून येणार होते. तोवर खायचा सोडा पाण्यातून पाजा, नाहीतर जाईल, असं त्यांनी फोनवर बजावलं.

आम्ही तिला उतरत्या फळीवर पुढचे पाय वर करून धरलं. काकांनी नळी पुढे केली. मोगरीने दात आवळले. दुसरी नळी, तिसरी नळी. ती मान फिरवत राहिली आणि तिचा श्वास जड होत गेला.  काका बाटली खाली ठेवून घरात गेले.

बाहेर आले ते काकूंचं हिरवं लुगडं पदरासारखं डोक्यावरून घेऊन. मांडव सोडणारी माणसं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. काका फळीशी उकिडवे बसले, पदर मोगरीच्या नाकाशी आला, आणि त्यांनी नुसत्या हाताने तिचा गाल दाबला. तिने तोंड उघडलं. सोडा पोटात गेला.

मग काका कूस चोळत राहिले आणि अख्खी गल्ली एका शेळीच्या ढेकराची वाट बघत उभी राहिली. तो आला तेव्हा हळदीत वाजवून आता सामान बांधत असलेल्या बेंजोवाल्याने ढोलावर टिपरू हाणलं. थोड्या वेळाने डॉक्टर आले. त्यांनी तपासून इंजेक्शन दिलं आणि वाचेल म्हणाले.

गर्दी पांगली. काका अजून तसेच बसलेले. मी म्हणालो, "काका, लुगड्यावर सोडा सांडलाय. द्या, आमच्या मशीनमध्ये धुवून देतो."

त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला.

"धुवायचा न्हाय, मास्तर. रोज नाकाला लावून बघतो. मना तिचा वास येतच न्हाय. म्हटला, गेला तो पण." त्यांनी मोगरीच्या कपाळावर हात ठेवला. या वेळी तिने ठेवू दिला. "हिला आला. म्हंजे हाय अजून."