एक दिवस पुढची गिटार

बाबालाल मिस्त्रीने पिकअपची कॉइल नव्याने भरून दिल्यापासून आमोस वाघमारेची गिटार वाजवण्याच्या चार सेकंद आधी वाजू लागली.

आमोस तक्रार घेऊन आला तेव्हा बाबालाल विहिरीवरच्या मोटारीची कॉइल भरत होता. कुरुंदपेठेत त्याचं दुकान सेहेचाळीस वर्षं होतं. मोटारी, पंखे, मिक्सर आणि गेली वीस वर्षं ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी. शाळा त्याने तिसरीत सोडली होती. त्याने भरलेली कॉइल कधी परत आली नव्हती. हे तो स्वतः कोणाला सांगत नसे. लोकांना माहीत असावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"मिस्त्री, आवाज आधी येतोय," आमोस म्हणाला.

"घरघर गेली का?"

"घरघर गेली. आवाज एकदम स्वच्छ. पण आधी येतोय."

"घरघरीचं काम होतं. ते झालं."

आमोस पंचावन्न वर्षांचा, सडपातळ, बोलायला मऊ. त्या वर्षी त्याने जुन्या गिटारीचं सगळंच बदलायला घेतलं होतं. तारा पिळायच्या खुंट्या नव्या घातल्या, तारा टेकतात तो ब्रिज नवा घातला, शेवटी पिकअप राहिलं. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार थरथरली की ते पकडतं आणि स्पीकरला देतं. फेरे जुने झाले होते, ते बाबालालने नवे भरले होते.

बाबालालने हातातली मोटार बाजूला सारली आणि गिटार दुकानातल्या स्पीकरला जोडली.

"वाजव."

आमोस मांडीवर हात ठेवून बसला होता. स्पीकरमधून एक सूर आला. मग आमोसचा हात उठला आणि त्याने तार छेडली. तार थरथरली, आवाज काही आला नाही.

"आता आवाज आला की हात लावू नको," बाबालाल म्हणाला. "बघू काय होतं."

दोघे स्पीकरकडे बघत बसले. मिनिट गेलं.

"येत नाही," आमोस म्हणाला.

"येईल कसा? तू वाजवणार नाहीस."

चूक कुठे झाली ते बाबालालला कळलं होतं. पिकअपला आठ हजार फेरे लागतात. मोटार भरताना तो नेहमी थोडे फेरे जास्त देतो, पुढे ताण आला तर असू द्यावेत म्हणून. हाताला तीच सवय. गिटारीलाही त्याने दोनशे जास्त दिले होते.

"मग दोनशे काढा," आमोस म्हणाला.

"भरलेली कॉइल मी उसवत नाही."

"अहो, चार सेकंदांचाच प्रश्न आहे."

"उसवली म्हणजे चुकली म्हणायचं. वाढवून देतो. जुळेल."

वाढवली. त्याने चार मिनिटं झाली.

सोमवारी गावचा उरूस सुरू झाला. पाच दिवस रोज सहा ते आठ मैदानात ऑर्केस्ट्रा. मंगळवारी सकाळी नगरपालिकेतून बोलावणं आलं. मैदानाची परवानगी आणि जन्म-मृत्यूची नोंद ही दोन्ही टेबलं माणगावे नावाच्या एकाच कारकुनाकडे होती. तो कागद वाचताना ओठ हलवत असे, पण कागद सोडत नसे.

"परवानगी सहा ते आठ," माणगावे म्हणाला. "आवाज पाच छप्पनला सुरू."

"साहेब, मी सहालाच हात लावला," आमोस म्हणाला. "पाहिजे तर उरसाच्या मंडळाला विचारा."

"हात लावायला परवानगी लागत नाही. आवाजाला लागते."

"मग पाच छप्पनपासून द्या."

"फॉर्मवर पूर्ण तासच भरता येतात."

बाबालाल आतापर्यंत दाराशी उभा होता. तो पुढे आला. "चोवीस तास म्हणजे पूर्ण तास का?"

माणगावेने बराच विचार केला. "पूर्ण," तो म्हणाला.

"मग चोवीस तास आधी येऊ दे. उद्या सहाला वाजवलेलं आज सहाला येईल. तुमच्या कागदाला धक्का नाही."

"त्याला हरकत नाही," माणगावे म्हणाला आणि दोघांना चहा सांगितला.

फेऱ्यांचं गणित सरळ नव्हतं, पण बाबालालच्या बोटांना ते कळत होतं. दुपारी बारापर्यंत त्याने काम उरकलं. आमोसने ठरवलं, उद्या साडेबाराला जाडी तार तीनदा छेडायची. घड्याळात साडेबारा वाजले आणि स्पीकरमधून जाडी तार तीनदा वाजली.

"हं," बाबालाल म्हणाला आणि मोटारीकडे वळला.

मंगळवारी मैदानात बुधवारचं वादन ऐकू आलं. गायकांनी बुधवारची गाणी मंगळवारी म्हटली. सगळं जुळलं. फक्त आमोसची बायको रूथ कुरकुरली. आमोस रोज दहा ते एक घरी सराव करायचा, तोही आता आदल्या दिवशी ऐकू यायचा. "पोळ्या लाटताना मला कळत नाही आज वार कुठला," ती म्हणाली. "उद्याची गाणी ऐकून आजच माझा जीव थकतो."

गुरुवारी अकराला रूथ दुकानात आली. धावत आली नव्हती, पण पायात चपला वेगवेगळ्या होत्या.

"चाचा, दहापासून गप्प आहे."

बाबालालने पिशवी उचलली.

घरात आमोस कॉटवर बसून गिटार वाजवत होता. बोटं चालली होती. ते वादन काल ऐकून झालं होतं. आज उद्याचं ऐकू यायला हवं होतं, आणि स्पीकरला दिवा लागलेला असून त्यातून काही येत नव्हतं.

बाबालालने वायर बघितली, सॉकेट बघितलं, डाग दिलेला प्रत्येक सांधा बघितला. मग पेचकस घेऊन पिकअपवर हलकेच ठोका दिला. एक. दोन.

"काल साडेअकराला ठोके आले होते," रूथ म्हणाली. "मला वाटलं शेजारी खिळा मारतायत."

"किती?"

"तीन."

बाबालालने हातातल्या पेचकसाकडे बघितलं. मग तिसरा ठोका दिला आणि पेचकस पिशवीत टाकला.

"कॉइल ठणठणीत आहे."

"मग बिघाड कशात आहे?"

"उद्यात आहे," बाबालाल म्हणाला.

आमोसने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"मिस्त्री, मी सतरा वर्षं उरूस वाजवतोय. शेवटचा दिवस कधी चुकवला नाही. ताप अंगात घेऊन बसलोय."

"उद्या कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग ठरव. उद्या बाराला मी वाजवणार म्हणजे वाजवणार. पक्कं ठरव."

आमोसने डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. तिघं स्पीकरकडे बघत राहिले.

"ठरवलंस का?"

"ठरवलं."

"परत ठरव."

आमोसने परत ठरवलं. स्पीकर गप्पच राहिला. रूथने पदर तोंडाला लावला आणि मग काढून नीट खोचला.

ती आमोसला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती बघितली, नाडी बघितली, काही नाही म्हणाले. रूथने त्यांना गिटारीचंही सांगितलं. तो आपला विषय नाही, असं ते म्हणाले.

दोघं परत आली तेव्हा बाबालाल ओट्यावरच बसलेला होता. गिटारीला दोन पिकअपची जागा होती, एक खाच पहिल्यापासून रिकामी. तो दुकानातून चुंबक आणि तारेचं रीळ घेऊन आला होता.

"दुसरं बसवतो," तो म्हणाला. "फेरे तेवढेच, पण उलट्या बाजूने. पहिली पुढे पळते, ही मागे राहील. आज वाजवशील ते उद्या ऐकू येईल. वरती स्विच. वर केला की उद्याचं, खाली केला की कालचं."

आमोस ऐकत होता. "मी नसलो तरी?"

"मी भरतोय," बाबालाल म्हणाला.

चारला काम झालं. बाबालालने आयुष्यात ऑर्केस्ट्रा बघितला नव्हता. त्या दिवशी तो सहाला मैदानात गेला आणि पहिल्या रांगेत बसला. गायक ढोलकीवर आणि कीबोर्डवर कसेबसे गात होते. स्विच वर होता आणि गिटारीचा आवाज नव्हता. मागून पोरं ओरडली, "ओ गिटारवाले, झोप लागली का?" आमोस हसला. दोन तास त्याने मान वर केली नाही. बाबालाल त्याच्या बोटांकडे बघत होता. हात कुठेही घाई करत नव्हता. आठला आमोसने गिटार उतरवली, फडक्याने तारा पुसल्या.

"सगळं भरलंय," खाली येऊन तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी म्हणायची गाणीच घेतली. म्हटलं, परत वेळ मिळो न मिळो."

"एक जागा राहिली," बाबालाल म्हणाला. "तिसऱ्या गाण्यात."

"तुम्हाला कळलं?"

"बोट अडखळलं."

"असू दे," आमोस म्हणाला. "तेवढं उद्या लोकांना माफ करायला सांगा."

शुक्रवारी सकाळी आमोस सातला उठला. चहा घेतला. बुटाची नाडी बांधायला बसला आणि तसाच बसून राहिला.

दोनला चर्चच्या माणसांनी आमोसला माती दिली. माणगावे वही घेऊन आला, नाव, वय, वेळ लिहिली. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबला. "संध्याकाळच्या परवानगीवर वादक म्हणून ह्यांचंच नाव आहे," तो हळू आवाजात बाबालालला म्हणाला.

"मग?"

"दोन्ही कागदांवर माझीच सही आहे."

"वाजवेल तो," बाबालाल म्हणाला.

सहाला मंचावर खुर्ची ठेवली, खुर्चीत गिटार ठेवली, वायर जोडली, स्विच खाली केला. गिटार सुरू झाली. गायकांना पहिल्या ओळीला आवाज फुटेना, दुसऱ्या ओळीला फुटला. रूथ पहिल्या रांगेत होती, शेजारी बाबालाल. तिसऱ्या गाण्यात एक जागा अडखळली. रूथने त्याच्याकडे बघितलं.

"माफ करा म्हणालाय," बाबालाल म्हणाला.

आठला आवाज थांबला. माणगावेने घड्याळ बघितलं. "वेळेत संपलं," तो म्हणाला आणि रुमाल काढला.

शनिवारी रूथने बाबालालला बोलावलं. गिटार भिंतीवरच्या खुंटीला लावलेली होती.

"दोन्ही काढून टाका, चाचा. उद्याचं नको मला, आणि कालचंही नको."

"उसवायची?"

"उसवा."

बाबालालने पिशवीतून पेचकस काढला. त्याने गिटार कॉटवर ठेवली आणि स्पीकर लावला. काढायची झाली तरी कॉइल आधी तपासायची, ही त्याची रीत. दहा वाजून गेले होते. स्विच खाली होता. आवाज नाही. बरोबर होतं. काल शुक्रवार, काल दहाला कोणी वाजवलं नव्हतं.

त्याने स्विच वर केला.

आधी जाडी तार आली, थोडी उतरलेली. मग खुंटी पिळल्यासारखी ती सावकाश वर चढली आणि जागेवर बसली. मग दुसरी. मग सहाही तारा एकदा वरून खाली, आणि सराव सुरू झाला. आमोसचाच. तो प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर थोडा जास्त धरायचा, तसा इथेही धरला जात होता.

रूथ आतून आली. हाताला कणीक होती.

"हे कालचं का?"

"नाही. उद्याचं."

ती चौकटीला टेकून ऐकत राहिली.

"म्हणजे उरसातला फक्त शुक्रवार चुकला," ती म्हणाली.

"फक्त शुक्रवार."

"सतरा वर्षांत एक दिवस." तिने मनगटाने डोळे पुसले. "तेवढं चालायचंच. अडकवून ठेवा ती जिथली तिथे."

बाबालालने पेचकस पिशवीत टाकला. कॉइल उसवावी लागली नाही.

रविवारी दहाला तो मुद्दाम गेला. गिटार भिंतीवर होती आणि तारा थरथरत होत्या, एकेक, जशा थरथरायला हव्यात तशा. त्यांचा आवाज काल येऊन गेला होता. स्पीकरमधून सोमवारचा सराव ऐकू येत होता. माणगावेही येऊन बघून गेला. मृत्यूच्या वहीत व्यवसायाचा रकाना त्याने पेन्सिलने भरला, वादक, चालू, आणि शाईने लिहायला जागा ठेवली. पुढच्या वर्षीच्या उरसाच्या परवानगीवर त्याने नाव तेच ठेवलं. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही.

गिटारीच्या तारा दीड-दोन महिन्यांत झिजतात. डाव्या हाताची बोटं पडतात तिथे खाली खाच पडते, उजवीकडे काळ्या होतात. बाबालाल नव्या तारा घेऊन जातो. दुपारी एकच्या नंतर जातो, चाललेल्यात हात घालत नाही.

परवा तो शेवटची तार पिळत होता तेव्हा रूथने विचारलं, "ह्या किती दिवस टिकतील, चाचा?"

बाबालालने खुंटी आणखी अर्धा पीळ फिरवली आणि अंगठ्याने तार दाबून बघितली.

"ते वाजवणाऱ्यावर आहे," तो म्हणाला.