दोन वाव जपानी दोरा

आत्माराम नागवेकरांनी त्या बुधवारी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. शेजारच्या नासिर सोलकरच्या घरून आलेला मासा खायचा, पण चांगला झालाय असं तोंडातून काढायचं नाही.

पाळायला सोपा वाटत होता. अडचण एवढीच, की तो मासा जिताडा होता. जाड तुकडीचा, काट्यांची कटकट नसलेला, आणि वर रहिमाभाभीच्या हातचा मसाला. चार तुकड्या आल्या होत्या, त्यातल्या तीन आत्मारामांनी एक शब्द न बोलता संपवल्या. (चौथी मालननं वेळीच आपल्या ताटात ओढली म्हणून ती वाचली.)

"नासिरभाईंना मासा लागतो हो," मालन म्हणाली. "सुट्टीवर येऊन पंधरा दिवस नाही झाले, हा तिसरा जिताडा."

"खाडी काय त्याच्या एकट्याची आहे?"

"नाही ना. म्हणून तर म्हटलं."

अकरा वर्षं आत्माराम दर रविवारी भाट्याच्या खाडीवर गळ टाकून गरवायला जात होते आणि अकरा वर्षं शेंगटी आणत होते. शेंगटी वाईट नाही, पण शेंगटी धरली म्हणून कुणाचा सत्कार झालाय असं रत्नागिरीत तरी ऐकिवात नाही. मालन ती निमूटपणे साफ करायची, कालवण करायची आणि "बरी आहे" म्हणायची. आत्माराम सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत, तेव्हा शेऱ्यांची त्यांना सवय होती. पण साहेबाचा शेरा फायलीत राहतो, बायकोचा घशाखाली उतरत नाही. आणि हा नासिर दोन वर्षांनी महिनाभर कुवेतहून येणार, आपल्याच खाडीतून जिताडे काढणार आणि आपल्याच बायकोची वाहवा घेऊन जाणार! आत्माराम जळत होते. याला दुसरा शब्द नाही. आपण आणलेल्या माशाबद्दल मालननं एकदा, फक्त एकदा असं बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ते सहज गेल्यासारखे दोन घरांमधल्या गडग्याशी गेले. पलीकडे नासिर गळ पुसत बसला होता.

"या आत्मारामभाऊ. कसा होता मासा?"

"ताजा होता," आत्माराम म्हणाले. (निर्णय मोडला नाही.) "काय रे, तू तंगूस कुठलं वापरतोस?"

तंगूस म्हणजे मासे धरायचा साधा नायलॉनचा दोरा, बाजारात कुठंही मिळतो. नासिर हसला. मोकळ्या मनाचा माणूस, लपवाछपवी त्याला जमायची नाही. त्यानं खिशातून एक छोटं रीळ काढून हातावर ठेवलं. वर जपानी अक्षरं होती.

"याला फ्लोरोकार्बन म्हणतात. तिथं माझा एक फिलिपिनो दोस्त आहे, त्यानं दिला. पाण्यात गेला की माशाला दिसतच नाही. जिताडा मोठा चिकित्सक, तंगूस दिसलं की तोंड फिरवतो."

"मग सगळा दोरा हाच?"

"छे, परवडायचं कसं? वर आपलं तंगूसच. गळाशी शेवटचे दोन वाव फक्त हा. त्याला लीडर म्हणतात."

आत्मारामांना कचेरीतल्या युनियनचा लीडर आठवला. तोही म्हणे सगळ्यांच्या पुढं असतो आणि कुणाला दिसत नाही.

नासिरनं दोन्ही हात पसरून दोन वेळा दोरा मापला. "घ्या, तुम्हाला तोडून देतो."

आता इथं हात पुढं केला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण आत्मारामांच्या मनात आलं, याच्या दोऱ्यावर जिताडा लागला तर तो याचाच जिताडा. मालन काय म्हणेल? नासिरभाईंचा दोरा चांगला म्हणेल.

"नको नको," ते म्हणाले. "आहे माझ्याकडं. मेव्हण्यानं पाठवलाय. जहाजावर असतो ना तो, जपानला जाऊन-येऊन."

"अरे वा. मग रविवारी बरोबरच जाऊ. बघू कुणाचा दोरा चालतो."

आत्माराम घरात आले तेव्हा मालन खिडकीशीच उभी होती.

"आमचा दादा जहाजावर कधी लागला?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"परळला पोस्टात आहे हो तो. होडीत बसला तरी ओकतो."

शुक्रवारी कचेरी सुटल्यावर आत्माराम भागोजीशेटच्या दुकानात गेले. तिथं जाळी, शिसं, गळ, दोऱ्या, सगळं मिळे.

"भागोजीशेट, फ्लोरोकार्बन आहे काय?"

"कार्बन पलीकडं, वह्यापुस्तकांच्या दुकानात."

"टाईपरायटरचा नव्हे. मासे धरायचा. पाण्यात न दिसणारा."

भागोजीशेटनी चष्मा कपाळावर चढवला. "दिसतच नाही तर मी विकू कसा, नागवेकर?"

शेवटी आत्मारामांनी पाच प्रकारचं तंगूस थोडं थोडं घेतलं. त्यातलं कमीत कमी दिसणारं निवडायचं ठरवलं. निवडायला पाणी हवं, म्हणून स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्याच्या कळशीत त्यांनी पाचही तुकडे एक शिसं बांधून सोडले आणि मालनला हाक मारली.

"बघ, किती दिसतात?"

मालननं कळशीत डोकावून बघितलं. "पाच. आणि एक शिसं."

"नीट बघ. जिताड्याच्या नजरेनं बघ."

"जिताड्याच्या नजरेनं मला तुम्ही दिसताय," ती म्हणाली आणि सबंध कळशी मोरीत ओतली. पुन्हा विहिरीवर जावं लागलं ते आत्मारामांना. (तुकडा क्रमांक तीन त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला. क्रमांक चार मोरीतून गेला.)

शनिवारी दुपारी ते परत भागोजीशेटकडं जाऊन क्रमांक तीनचं अख्खं बंडल घेऊन आले, लाकडी फळीवर गुंडाळलं, गळ बांधला आणि आडवे झाले. नासिर फळी हातात घेऊन बघेल काय? बघितलं तर ओळखेल काय? त्यातच त्यांचा डोळा लागला. चहाला उठले तेव्हा फळी जागच्या जागी होती, उलट जरा जास्तच नेटकी गुंडाळलेली वाटली. आपला हात सुधारतोय असं त्यांना वाटलं.

रविवारी उजाडता दोघं खाडीच्या कडेला बसले. भरतीचं पाणी आत येत होतं. नासिरची ती काठी, ते चक्र, सगळं परदेशी. आत्मारामांच्या हातात फळी. दोघांनी गळाला जिवंत कोळंबी लावली. तासभर काही नाही. मग आत्मारामांच्या बोटाला असा हिसका बसला की त्यांची एक चप्पल खाडीत गेली.

"सोडा, थोडा सोडा," नासिर ओरडला. पाण्यातून जिताडा उसळला, डोकं झाडलं, परत आत गेला. आत्माराम दोरा सोडत होते, ओढत होते, देवाचं नाव घेत होते. पंधरा मिनिटांनी नासिरनं कमरेएवढ्या पाण्यात उतरून मासा कल्ल्यात बोटं घालून वर काढला. चार किलोच्या खाली नव्हता.

"बघा," नासिर धापा टाकत म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? जपानी दोऱ्याची करामत आहे ही."

आत्मारामांच्या अंगाचा तिळपापड झाला. जिताडा त्यांनी धरला आणि वाहवा दोऱ्याची. गप्प बसते तर निभावलं असतं. पण जळणाऱ्या माणसाला गप्प बसता येत नाही.

"नासिर, खरं सांगू? मेव्हणा जहाजावर-बिहाजावर काही नाही. हे भागोजीच्या दुकानातलं तंगूस आहे. दोऱ्यात काही नसतं बाबा. हातात असतं."

नासिरनं दोऱ्याचं गळाकडचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग वीतभर तुकडा तोडून पाण्याच्या डब्यात टाकला. तुकडा सरळ तळाशी गेला. त्यानं भागोजीच्या तंगूसचा वरचा तुकडा टाकला. तो रमतगमत राहिला. मग आपल्या काठीचा टाकला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला.

"भाऊ, तंगूस असं झटकन बुडत नाही. शेवटचे दोन वाव माझ्या रिळाचे आहेत," तो हळूच म्हणाला. "मी देतच होतो की. विचारून घ्यायचं होतंत."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. अकरा वर्षांत कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी घरी नेली नव्हती. (टाचण्या नेल्या होत्या. पण शेजाऱ्याच्या घरातून कधी काही नाही.) "नासिर, आईशप्पथ, मी नाही," ते म्हणाले, आणि ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं.

घरी येताना मासा नासिरनं उचलला, कारण आत्मारामांच्या एका पायात चप्पल नव्हती. वाटेत भेटेल तो म्हणत होता, "काय नासिरभाई, आज पण लागला?" नासिर मान हलवत होता. आत्माराम मागून एक पाय अनवाणी टाकत चालत होते.

आत्मारामांच्या पडवीत मालन आणि रहिमा समोरासमोर बसल्या होत्या. नारळ खवून झाला होता, मसाला पाट्यावर वाटून तयार होता.

"आणलात?" मालन म्हणाली. "ठेवा इथं."

आत्मारामांना कोडं पडलं. "मासा लागणार हे तुला काय माहीत?"

"काल तुम्ही घोरत होतात तेव्हा दोरा आम्हीच बदलला ना."

"मीच दिला," रहिमा नासिरकडं बघून म्हणाली. "वहिनी मागायला आल्या. तुम्ही नमाजाला गेला होता."

नासिरचा चेहरा उजळला. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं आत्मारामांना तिथंच मिठी मारली. (मासा हातातच होता.) "माफ करा भाऊ. मी काय काय मनात आणलं."

"मला सांगायचं होतंस," आत्माराम मालनला म्हणाले.

"सांगितलं असतं तर लावला असतात?"

"नसता."

"मग? दर वेळी भाभीचं भांडं मासा घेऊन येतं. रिकामं परत कसं पाठवायचं? मी कधी फणसाचे गरे घालते, कधी घावणे. मला काय वाटत असेल? एकदा तरी आपल्या घरचा मासा जायला नको?"

म्हणजे घरात जळणारे आत्माराम एकटे नव्हते तर. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

दुपारी जिताड्याचं डोकं आणि मोठ्या चार तुकड्या भांड्यात घालून मालन स्वतः गडग्यापलीकडं देऊन आली. मग दोघं जेवायला बसली. आत्मारामांनी तिला पहिला घास खाऊ दिला, दुसरा खाऊ दिला. मग विचारलंच.

"कसा झालाय?"

मालननं बोटं चाटली. "असा जिताडा आजवर या घरात शिजला नव्हता. नासिरभाईंचे तिन्ही याच्यापुढं काही नाहीत."

आत्माराम पाटावर ताठ बसले. अकरा वर्षांनी कानावर पडलं होतं. त्यांनी आणखी भात वाढून घेतला.

"मला धाकधूक होती हो," मालन पुढं म्हणाली. "गळाची गाठ पहिल्यांदाच मारत होते. भाभी म्हणाली, थुंकी लावून ओढ, सुटायची नाही. आणि बघा, पहिल्याच गाठीला चार किलोचा. माझ्या हाताला मासा आहे म्हणायचा."

आत्मारामांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

मालननं मायेनं त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "तुम्हाला फार वेळ दोरा धरून बसावं लागलं का हो?"