खरेदीदार स्वागत समितीची पाहणी

मडकं आणि घर ठोकून घ्यावं, असं जुने लोक सांगून गेले. त्यांचं बरोबरच होतं. फक्त दोन्हींतला एक फरक सांगायचा त्यांच्याकडून राहून गेला. आपण मडकं ठोकतो तेव्हा मडकं उलटून आपल्याला ठोकत नाही. घराला मात्र शेजार असतो, आणि शेजाराला हात असतात.

वर्ध्यात घर तपासण्याचं शास्त्र बरंच पुढं गेलेलं आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक आधी पाणी विचारतात (उरलेले दोन बाहेरगावचे असतात). मग बोअर किती खोल, स्लॅब मे महिन्यात किती तापतो, कूलरला खिडकी कोणत्या बाजूला, हे प्रश्न क्रमानं येतात. या क्रमात प्रफुल्ल कुठंही चुकला नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

प्रफुल्ल हा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकऱ्याची गाडी आली की वरचा कापूस सोडून मधून मूठभर उपसायचा, बोटांनी धागा ओढायचा, ओलावा बघायचा आणि प्रत लावायची, हे त्याचं काम. त्यामुळं तपासणी या गोष्टीबद्दल त्याला मनापासून आदर होता. प्रत लागताना कसं वाटतं, हे कापसाला कोणी विचारत नसल्यामुळं तो प्रश्न त्याच्यापुढं कधी आलेला नव्हता.

त्याला घर हवं होतं ते मुलीसाठी. जागृती पुढच्या वर्षी दहावीला बसणार होती आणि नालवाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिची अभ्यासाची जागा टीव्ही आणि गॅसच्या मध्ये होती. त्यातही घरमालकानं दिवाळीच्या आत घर खाली करायला सांगितलेलं. तिला दार लावून घेता येईल अशी एक खोली द्यायची, एवढंच प्रफुल्ल आणि मेघानं ठरवलं होतं. सद्भावना ले-आउटमधल्या हिरालाल शेठच्या घराला वरच्या मजल्यावर नेमकी तशी खोली होती. मेघा ती पाहायला गेली तेव्हा तिनं आत जाऊन दार लावलं आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

हिरालाल किराण्याचे ठोक व्यापारी. मुलगा नागपूरला स्थायिक झाल्यामुळं तेही तिकडंच निघाले होते. घराचं त्यांनी कौतुक केलं ते व्यापाऱ्याला शोभेल इतपतच. "आपलं घर म्हणजे किल्ला हाय भाऊ. पस्तीस वर्षांत भिंतीले टाचणी गेली नाई."

मग घराची किंमत ठरवायला बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर गजेंद्र आला. त्यानं टेप लावला, भिंतींचे फोटो काढले, एका कॉलमला बोटानं टकटक केलं, गच्चीवर जाऊन आला, आणि समोर ठेवलेला चहा निवायच्या आत घराची किंमत काढून मोकळा झाला. घर उत्तम होतं. भाव जुळला. पेढेही झाले. पेढा तोंडात असतानाच हिरालाल म्हणाले, "बस, आता एक स्वागत समितीचं तेवढं राह्यलं."

सद्भावना ले-आउटच्या रहिवासी मंडळाची 'खरेदीदार स्वागत समिती' नावाची उपसमिती होती. अध्यक्ष मधुकरराव, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. सदस्य प्रमिलाबाई, समोरच्या घरातल्या, पूर्ण वेळ उपलब्ध. हिरालाल पदसिद्ध. येणाऱ्याचं स्वागत करायचं की नाही हे ठरवणं, एवढंच समितीचं कार्यक्षेत्र होतं.

इथं ले-आउटच्या एका पुरोगामी परंपरेचा उल्लेख केला पाहिजे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळं दारू कुठं मिळते, असं इथं कोणी विचारत नाही. विचारावं लागत नाही. सद्भावना ले-आउटनं त्याच धर्तीवर जातबंदी केली होती. कोणी कोणाला जात विचारायची नाही, असा ठराव मंडळानं एकमतानं केला होता आणि तो कडक पाळला जात असे. (मागं प्रमिलाबाईंनी एका भाडेकरूला चुकून विचारलं, तर मंडळानं प्रमिलाबाईंना समज दिली आणि भाडेकरूला घर सोडायला सांगितलं.)

आता विचारायचं तर नाही, पण कळलं तर पाहिजे, अशी अडचण आली की सुशिक्षित माणूस शास्त्राकडं वळतो.

सर्वसाधारणपणे आडनावावर काम भागतं. प्रफुल्लनं आडनाव सांगितलं. ते दुर्दैवानं जिल्ह्यात चार तऱ्हेच्या लोकांत आहे, आणि चारही तऱ्हेचे लोक एकट्या हिंगणघाट तालुक्यातच सापडतात. मधुकररावांनी ते दोनदा उच्चारून पाहिलं. आवाज भरीव आला, पण आत काय आहे ते कळेना. प्रफुल्लला सरळ विचारलं असतं तर त्यानं सरळ सांगितलं असतं. त्यात लपवण्यासारखं त्याच्या घरात कोणालाच कधी काही वाटलं नव्हतं. पण न विचारता सांगायचं तर ठराव आपणच मोडल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. नियमाचा माणूस तो.

तेव्हा समितीनं आधी पाया तपासायचा ठरवला. पाया म्हणजे प्रफुल्लचे वडील रामाजी. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि आता निवृत्त होऊन पेपर वाचत असत. त्यांना खास रिक्षा करून बोलावण्यात आलं.

"गाव कोणतं म्हणता तुमचं?" मधुकररावांनी विचारलं.

"अल्लीपूर."

"वा. मोठं गाव हाय. अल्लीपुरात कोण्या बाजूले?"

"बस स्टँडजवळ."

"स्टँडच्या इकडे का तिकडे?"

रामाजींनी विचार केला. "ते गाडीवर हाय. हिंगणघाटवरून आली तं डाव्या हाताले पडते, वर्ध्यावरून आली तं उजव्या."

"नाई, म्हणजे शेजारी कोण राह्यते?"

"आता कोण राह्यते मालूम नाई. आम्ही होतो तवा आम्हीच राहू."

मधुकररावांनी गावाचा नकाशा काढायला लावला. रामाजींनी काढला. त्यात बस स्टँड, पंक्चरचं दुकान, वडनेरकडं जायचा फाटा आणि तीन थांबे अचूक होते. वस्ती अजिबात नव्हती. ड्रायव्हरच्या नजरेत जेवढं गाव येतं तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं होतं. परत येताना रिक्षात रामाजी खुशीत होते. "लय वर्षांनी कोणी इतक्या बारकाईनं गाव इचारलं," ते म्हणाले. सोबत मेघा होती. तिला सगळं कळलं होतं आणि तिला ती वरची खोलीही हवी होती.

पाया समजेना, तेव्हा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणं आलं. समिती नालवाडीला रविवारी भर जेवणाच्या वेळी पोचली, न कळवता. (कळवून गेल्यास वास्तू नैसर्गिक स्थितीत सापडत नाही, असं मधुकररावांचं खात्यातल्या अनुभवावरून मत होतं.) दारातच मसाल्याचा असा घमघमाट आला की अध्यक्षांनी सदस्यांकडं सूचक पाहिलं. प्रमिलाबाई "पानी मीच घेतो बाई, तुम्ही बसा" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि गंजावरचं झाकण उचललं. आत पाटोडीचा रस्सा होता.

पाटोडीनं समितीची पंचाईत केली. रस्सा तोच, तर्री तीच, वास तोच. फक्त मटणाच्या जागी बेसन. खाणाऱ्यांच्या घरी होते आणि न खाणाऱ्यांच्या घरीही होते. मधुकररावांनी खात्री करण्यासाठी एक नमुना घेतला. निष्कर्ष निघेना म्हणून आणखी दोन घेतले, सोबत भाकरी. (ते स्वतः दर बुधवारी नागपूर रोडच्या ढाब्यावर सावजी मटण जेवत, पण तो ढाबा ले-आउटच्या हद्दीत येत नाही.)

मग भिंती. भिंतीवर कोणाचे फोटो आहेत हे पाहिलं की पुढचं काही पाहावं लागत नाही, हे या शास्त्रातलं मूलतत्त्व आहे. पण घर खाली करायचं म्हणून मेघानं फोटो उतरवून ट्रंकेत भरले होते. भिंतीवर राहिले होते नुसते खिळे. मधुकरराव डगमगले नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढला आणि खिळ्यांमधलं अंतर मोजलं. एका ठिकाणी दोन खिळे जवळजवळ होते, म्हणजे फोटो मोठा, वजनदार, काचेचा. तो पूर्वेच्या भिंतीवर होता, म्हणजे आदराचा. शेजारी एक लहान खिळा, म्हणजे फोटोतल्या माणसाशी संबंधित आणखी कोणी. एवढ्यावर त्यांनी कागदावर तीन वेगवेगळ्या भिंती काढून पाहिल्या आणि तिन्ही खिळ्यांत बरोबर बसल्या.

"इथं काय होतं जी?" हिरालालनी मोठ्या खिळ्यांकडं बोट दाखवून सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घड्याळ," रामाजी पेपरातून म्हणाले. ते अर्धवट खरं होतं. घड्याळ दोन वर्षांपूर्वी होतं.

शेवटी प्रमिलाबाईंनी जागृतीला जवळ घेतलं. "बेटा, तुमच्या घरी सगळ्यात मोठा सण कोणता असते?"

"ज्या दिवशी नळ येते तो," जागृती म्हणाली, आणि पुन्हा गॅस आणि टीव्हीच्या मध्ये जाऊन बसली.

अहवाल झाला तो नमुनेदार झाला. (गजेंद्रनं तो पुढं हिरालालकडं व्यावसायिक कुतूहलानं वाचला आणि प्रफुल्लला सांगितला. मांडणी चांगली आहे म्हणाला.) त्याचा सारांश असा. पाया: खोल आहे, पण कोणत्या जमिनीत ते सांगता येत नाही. ओल: नाही. तडे: सुनेच्या कपाळावर दोन, पाहणी सुरू झाल्यानंतर पडलेले. उरलेलं आयुष्य: भरपूर, आणि हीच चिंतेची बाब. शेवटची शिफारस मात्र या क्षेत्रात मैलाचा दगड ठरावी अशी होती: खरेदीदारात दोष आढळत नाही, सबब तो घरात शोधावा.

त्यानंतर हिरालालनी जे केलं ते घरविक्रीच्या व्यवहारात दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही. त्यांनी प्रफुल्ल-मेघाला बोलावलं, चिवडा पुढं ठेवला, आणि मधुकरराव व प्रमिलाबाईंच्या साक्षीनं स्वतःच्या घराचे दोष सांगायला सुरुवात केली.

"घरात ओल लय हाय भाऊ. मी तवा बोललो नाई."

"चालते काकाजी. वॉटरप्रूफिंग करून घेऊ," प्रफुल्ल म्हणाला.

"बोअर आटते उन्हाळ्यात."

"टँकर बोलावू."

"भिंती पोकळ हायेत. पिल्लर बराबर नाई. वरच्या खोलीत इंचू निघते."

"फवारणी करू."

हिरालालना घाम आला. पस्तीस वर्षं ज्या घरात सुखानं राहिले, त्याला ते एका बैठकीत जमीनदोस्त करत होते. मधुकररावांनी मदतीला म्हणून स्लॅबमध्ये लोखंड कमी असल्याचं सांगितलं; तो स्लॅब त्यांच्याच देखरेखीखाली टाकला गेला होता. प्रमिलाबाईंनी या गल्लीत डास फार आणि शेजार वाईट, असंही सांगून टाकलं. त्या दिवशी तिथं बोललं गेलेलं हे एकच वाक्य तपासणीत टिकलं असतं.

प्रफुल्ल प्रत्येक दोषाला "चालते" म्हणत होता. तेव्हा मेघानं चिवड्याची ताटली खाली ठेवली.

"काकाजी, ओल राहू द्या. तुमाले जे इचाराचं हाय ते इचारा ना. मी समोर बसली हाव. एका शब्दात सांगतो."

 हिरालाल फरशीकडं बघू लागले.

"छे छे, ताई," मधुकरराव म्हणाले. "आम्ही तसे लोक नाई. आमच्या ले-आउटमध्ये ते चालतच नाई."

"इचारा म्हणतो मी," मेघा म्हणाली.

"आम्ही मानतच नाई तं इचारून काय करू?"

ती वाट पाहत बसली. कोणी विचारलं नाही. ठराव होता, आणि तिघांनीही तो शेवटपर्यंत पाळला. प्रफुल्लला आधी राग आला नाही, कारण राग यायला समोरच्यानं काहीतरी बोलावं लागतं. त्याला लाज वाटली. ती आपल्यालाच का वाटावी हे त्याला समजेना, आणि मग त्याला फार राग आला. तोवर ते दोघं रस्त्यावर आले होते आणि मेघा स्कूटरवर मागं बसून रडत होती. "खोली चांगली होती जी," एवढंच ती म्हणाली.

हिरालालनी विकायचा विचार सोडल्याचं कळवलं आणि कुलूप लावून नागपूरला गेले. बंद घरात पावसाळ्यानंतर खरोखरच ओल आली. वरच्या खोलीत विंचू निघाला. समितीचा अंदाज तंतोतंत खरा ठरल्याबद्दल मंडळानं मधुकररावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. प्रफुल्लच्या कुटुंबानं नालवाडीतच दुसऱ्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जागृती तिथं सगळ्यांची जेवणं आटोपली की ओट्याखाली चटई टाकून अभ्यासाला बसते.

प्रफुल्लचं आडनाव या गोष्टीत कुठंही दिलेलं नाही. त्यावाचून ज्यांचं काही अडलं नाही त्यांना आमचा नमस्कार. पण जे प्रत्येक पाहणीत समितीच्या मागं उभं राहून मनातल्या मनात अंदाज बांधत होते, आणि ज्यांचा अंदाज एव्हाना पक्काही झालेला आहे, त्यांच्यासाठी सद्भावना ले-आउटमध्ये एक घर रिकामं आहे. त्यांची तपासणी होणार नाही. किल्ली मधुकररावांकडं मिळेल.