इंजिनाचं पाणी चाखणारे दाजीबा

दाजीबा मिस्त्री इंजिनाचं पाणी चाखून बघत. बोट बुडवून नव्हे, चांगली ओंजळ भरून. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे, मग बाजूला थुंकून आजार सांगायचा. तेलाची चव लागली तर आत कुठंतरी फट. खारट लागलं तर विहीर बदला. खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या भातगिरण्यांतून त्यांना वैद्यासारखं बोलावणं येई. प्रत्येक इंजिनाला ते 'म्हातारा' म्हणत. स्वतः त्यांची साठी उलटली होती, ते वेगळं.

मी तेव्हा कडावच्या शाळेत मास्तर होतो. गोविंदशेठची गिरणी ऐन हंगामात बंद पडली. इंजिन अर्धा तास चालायचं आणि तापून थांबायचं. अंगणापासून रस्त्यापर्यंत भाताच्या गोणी तुंबल्या. इंजिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायला शेठनी मला बोलावलं आणि इंजिन वाचायला दाजीबांना.

"तुमी ती पोथी वाचा, मास्तर," दाजीबा म्हणाले. "मी म्हाताऱ्याला इचारतो."

मी पहिल्याच पानावर अडखळत होतो, तोवर त्यांनी टाकीच्या दोन्ही नळांवर तळहात ठेवले. वरचा पोळत होता, खालचा थंडगार. पाणी आत फिरतच नव्हतं. मग ओंजळ, घोट, मिटलेले डोळे.

"मुंबईहून कंपनीचा माणूस आला होता, तो म्हणाला, सिलिंडर फुटलाय," शेठ म्हणाले. "नवा मागवा म्हणून सांगून गेला."

"फुटला असता तर पाण्यावर तवंग आला असता. तेल नाय यात. ह्ये तळ्याचं पाणी हाय. म्हशी बसतात त्या कडंचं."

शेठ हसले. "अहो, माझ्या विहिरीचं पाणी घालतात."

दाजीबांनी खालचं बूच काढलं. आधी काहीच आलं नाही. तार घालून ढोसल्यावर आमटीसारखा काळा गाळ आला, त्यात शेवाळ आणि तीन गोगलगाई. त्यांनी त्या ओळीनं मांडल्या. "ह्या तुमच्या विहिरीतल्या?"

शेठनी इंजिन चालवणाऱ्या सखाकडे पाहिलं. सखानं सगळं सांगून टाकलं. विहिरीवरून पाणी आणून देणारा गडी महिन्यापूर्वी काम सोडून गेला होता. सखा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. शेठच्या विहिरीला त्याला शिवता येत नव्हतं. कुणाला न सांगता तो तळ्यावरून पाणी आणत होता.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले.

दाजीबांनी हातातलं बूच खाली ठेवलं. "मग मी बी निघतो. या म्हाताऱ्याला एका हाताची सवय हाय. जो चालवतो, त्यानंच विहिरीतनं काढून पाणी घालायचं. दुसऱ्याचा हात लागला की पुन्हा तापंल. पुस्तकात बी आसंल. बघा जरा, मास्तर."

मी पान उलटलं. त्यावर बुचाचं चित्र होतं.

"आहे," मी म्हणालो.

शेठनी रस्त्यापर्यंत तुंबलेल्या गोणींकडे पाहिलं. मग विहिरीकडे हात करून आत निघून गेले.

सखा पाणी शेंदत होता तेव्हा माजघराच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. दाजीबा दार आणि विहीर यांच्या मधोमध, बायकांकडे पाठ करून उभे राहिले आणि सखाला उगाचच मोठ्यानं सूचना देऊ लागले. दुपारी इंजिन सुरू झालं. ते तासभर चाललं तरी तापेना.

शेठनी ओसरीवर दाजीबांच्या जेवणाचं पान मांडलं. दाजीबा पान उचलून इंजिनाच्या खोपीत गेले. सखा भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. तो गडबडून उठू लागला.

"बस रं," दाजीबा म्हणाले. "घरी मी रोज एकटाच जेवतो. सरक जरा."